तीन नवरे, एक वाडा आणि लग्नाच्या याद्या

इंग्लंडच्या सफक परगण्यात, बरी सेंट एडमंड्स या गावापासून तासाभराच्या चालीवर हेंग्रेव्ह नावाचं खेडं आहे. तिथे ट्यूडर काळातला, म्हणजे सोळाव्या शतकातला, एक भला मोठा वाडा अजून उभा आहे, आणि वाड्याला लागूनच एक लहानसं चर्च. त्या चर्चमधल्या एका थडग्यावर चौथऱ्यावर नवरा-बायको शेजारी शेजारी आडवे आहेत. इथवर काही विशेष नाही, इंग्लंडातल्या जुन्या चर्चमध्ये असे दगडी नवरा-बायको जागोजागी दिसतात. पण इथे चौथऱ्याच्या पुढ्यात, खालच्या बाजूला, आणखी एक पुरुष तसाच आडवा पडलेला आहे.

ठाऊक नसलेल्याला वाटावं, हा कुणी इमानी कारभारी असणार. तो त्या बाईचा पहिला नवरा आहे. वाडा त्याने बांधला, गाव त्याने विकत घेतलं, पैसाही त्याचाच. पण बाईच्या शेजारची जागा मिळाली तिसऱ्या नवऱ्याला, कारण तो अर्ल, म्हणजे सरदारांच्या उतरंडीत ड्यूक आणि मार्क्विस यांच्या खालोखालचा मानकरी. मधल्या, दुसऱ्या नवऱ्याची आठवण थडग्यावर ठेवलेली आहे, पुतळा मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. मेल्यावरही मानपान काही सुटत नाही!

बाईचं नाव मार्गारेट. माहेरची डॉनिंग्टन, मग किटसन, मग लाँग, आणि शेवटी बाथची काउंटेस. व्यापाऱ्याची मुलगी ते अर्लची बायको हा प्रवास तिने तीन लग्नांत केला. ट्यूडर काळातल्या श्रीमंत विधवांबद्दल 'लागोपाठ लग्नं करणाऱ्या लोभी बायका' असा एक ठरीव सूर असतो. त्या काळच्या नाटकवाल्यांनीही विधवांची भरपूर टिंगल केली. पण मार्गारेटच्या तीन लग्नांकडे प्रेमकथा म्हणून किंवा लोभकथा म्हणून पाहिलं तर फारसं हाती लागत नाही. ती वाचायची असतात आपल्याकडच्या लग्नाच्या याद्यांसारखी: कुणी काय द्यायचं, कुणी काय घ्यायचं, आणि उद्या बिनसलं तर काय.

मिरी, मखमल आणि मिल्क स्ट्रीट

मार्गारेटचे वडील जॉन डॉनिंग्टन लंडनजवळच्या स्टोक न्यूइंग्टनचे, सॉल्टर्स म्हणजे मिठाच्या व्यापाऱ्यांच्या संघातले. मार्गारेट त्यांची एकुलती एक. तिचं लग्न झालं थॉमस किटसनशी. तो बिजवर होता आणि वयाने तिच्याहून बराच मोठा.

किटसन मूळचा उत्तरेकडच्या लँकाशरचा. लंडनला येऊन त्याने एका मर्सरच्या हाताखाली उमेदवारी केली आणि १५०७ मध्ये तो मर्सर्स कंपनीत रीतसर दाखल झाला. मर्सर म्हणजे रेशीम, मखमल, साटीन असा उंची माल विकणारा बडा व्यापारी. 'कंपनी' हा शब्द इथे आजच्या अर्थाने घ्यायचा नाही. ती व्यापाऱ्यांची श्रेणी होती. कुणी धंदा करायचा, कुणी शागीर्द ठेवायचे, कुणाच्या विधवेला आधार द्यायचा हे सगळं ती ठरवायची. लंडनच्या बारा मोठ्या श्रेणींत पहिला मान मर्सर्सचा.

किटसनचा धंदा साधा होता आणि फार फायद्याचा. इंग्लंडचं लोकरी कापड समुद्रापलीकडच्या फ्लँडर्सच्या बाजारांत विकायचं, तिकडून उंची माल भरून आणायचा. लंडनच्या मिल्क स्ट्रीटवर त्याचं घर होतं, तसंच अँटवर्पमध्येही. १५२१ च्या सुमारास त्याने बकिंगहॅमच्या ड्यूककडून हेंग्रेव्ह आणि नॉटिंगहॅमशरमधलं कोल्स्टन बॅसेट अशा दोन जहागिरी २,३४० पौंडांना घेतल्या. तेव्हा साध्या मजुराला दिवसाला साधारण ४ पेन्स मिळत, आणि २४० पेन्सचा एक पौंड. हिशेब केला तर ही रक्कम होते १,४०,४०० दिवसांची मजुरी. सणवार आणि रविवार वजा केले तर एका मजुराला पाचशे वर्षं राबावं लागलं असतं.

सौदा अंगाशी यायचाच बाकी होता. १५२१ मध्येच राजद्रोहाच्या आरोपावरून बकिंगहॅमचं मुंडकं उडालं आणि त्याच्याकडून घेतलेल्या जमिनीही काही काळ किटसनच्या हातून गेल्या. पुढे संसदेच्या कायद्याने त्या परत मिळाल्या. मग त्याने हेंग्रेव्हला वाडा बांधायला घेतला आणि १५३८ मध्ये दरवाज्यावर स्वतःचं नाव आणि साल कोरून घेतलं. मधल्या काळात तो लंडनचा शेरीफ झाला आणि १५३३ मध्ये 'सर' झाला.

वाडा पूर्ण होऊन दोन वर्षं होतात न होतात तोच, ११ सप्टेंबर १५४० ला, किटसन वारला. त्याच्या लंडनमधल्या वखारीतल्या मालाची यादी झाली. तिच्यात जरीचं कापड होतं, साटीन होतं, मखमल, भिंतीवर टांगायचे चित्रं विणलेले पडदे, फर, रंगासाठी मंजिष्ठ, आणि मिरीची पोती, लवंगा. किंमत १,१८१ पौंड १५ शिलिंग १ पेनी. ती मिरी वाचून आपल्याला जरा थबकायला होतं. त्या काळी अँटवर्पला मिरी येई ती मुख्यतः पोर्तुगीज जहाजांतून, लिस्बनमार्गे. आणि पोर्तुगीजांच्या इकडच्या कारभाराची राजधानी होती गोवा. मलबारच्या वेलीवरची मिरी मिल्क स्ट्रीटच्या वखारीत एका मराठी नसलेल्या विधवेच्या वाट्याला आली, असं म्हणायला फारशी हरकत नसावी.

मार्गारेट तेव्हा तिशीच्या आसपास होती. पदरात चार मुली, आणि पोटात पाचवं मूल.

झाकलेली आणि मोकळी

इथे थोडा कायदा समजून घ्यावा लागतो, नाहीतर पुढचं काही कळत नाही.

इंग्लिश कायद्यात लग्न झालेल्या बाईला 'फेम कव्हर्ट' म्हणत, शब्दशः 'झाकलेली स्त्री'. नवऱ्याचं पांघरूण तिच्यावर. लग्न लागलं की नवरा-बायको कायद्याच्या नजरेत एकच माणूस होत, आणि तो माणूस अर्थातच नवरा. तिची रोकड, दागिने, गुरं, भांडीकुंडी, सगळं त्याचं. तिच्या नावावर जमीन असेल तर ती कायमची त्याची होत नसे, पण संसार आहे तोवर कारभार आणि उत्पन्न त्याच्याच हातात. तिला स्वतंत्रपणे करार करता येत नसे, दावा लावता येत नसे, नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे. आपल्याकडे धर्मशास्त्राने निदान 'स्त्रीधन' नावाचा एक कोपरा बाईसाठी राखला होता. इंग्लंडच्या सर्वसाधारण कायद्यात तेवढाही नव्हता.

नवरा वारला की ती एका रात्रीत 'फेम सोल', म्हणजे 'एकटी स्त्री', होई. आता ती विकू शके, विकत घेऊ शके, कोर्टात उभी राहू शके, शिक्का मारू शके. अविवाहित प्रौढ मुलीलाही हे हक्क होतेच, पण तिच्या हातात सहसा पैसा नसे. विधवेच्या हातात हक्क आणि पैसा दोन्ही एकदम येत. बाईच्या आयुष्यातला सर्वांत मोकळा काळ नवऱ्याच्या मरणाने सुरू व्हावा, ही त्या व्यवस्थेची गंमत म्हणा किंवा क्रूरपणा.

तिला मिळायचं काय? पहिली गोष्ट 'डाउअर'. 'डाउरी' या इंग्रजी शब्दाशी असलेल्या सारखेपणामुळे बरेच जण याला हुंडा समजतात. हुंडा बाप देतो, लग्नात. डाउअर ही नवऱ्याच्या जमिनीतली तिसरी पाती, त्याच्या मागे, विधवेला हयातभर. तिने दुसरं लग्न केलं तरी ती सुटत नसे, हे लक्षात ठेवा, कारण श्रीमंत विधवेला मागणी का असायची त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे. तिला वरणारा माणूस आधीच्या नवऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाचं उत्पन्नही वरत होता.

डाउअरच्या जागी पुढे पुढे 'जॉइंचर' आलं. लग्न ठरवतानाच ठरवायचं की नवऱ्यामागे बायकोला अमुक जमिनीचं उत्पन्न मिळेल. १५३६ च्या एका कायद्याने नियम केला की असं आधीच बांधून दिलं असेल तर बाईने पुन्हा तिसरा हिस्सा मागायचा नाही. म्हणजे आता बाईचं म्हातारपण कोर्टाच्या हिशेबावर नव्हे, लग्नाआधीच्या बोलणीवर अवलंबून. बोलणी करणारा तिच्या बाजूने खमका हवा.

तिसरी गोष्ट लंडन शहराची. शहराच्या श्रेणींतला माणूस वारला की तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याच्या जंगम मालाचे तीन भाग पडत: एक बायकोला, एक मुलांना, आणि एक 'मेलेल्याचा भाग', जो त्याने मृत्युपत्रात हवा तसा वाटावा. बहुतेक नवरे त्यातलंही काही बायकोलाच देत. किराणा, कापड, सोनंनाणं यात ज्यांचं सगळं अडकलेलं, त्यांच्या विधवा एका आठवड्यात शहरातल्या सर्वांत रोख श्रीमंत व्यक्ती होत असत. जमीनदार सरदारांकडे वाडे असत, पैसा नसे. या बायकांकडे पैसा असे. आता सरदारांचे डोळे कुठे वळत असतील ते सांगायला नको.

आणि एक छोटा हक्क, जुना. १२१५ च्या मॅग्ना कार्टाप्रमाणे विधवेला नवऱ्याच्या घरात ४० दिवस राहू द्यायचं, तेवढ्यात तिचा हिस्सा तोडून द्यायचा. या चाळीस दिवसांना कायद्यात 'क्वारंटाइन' म्हणत. कोविडच्या दिवसांत तो शब्द आपण दिवसातून दहादा उच्चारला, पण त्याचं हे विधवेकडचं घर कुणी दाखवलं नव्हतं. त्याच मॅग्ना कार्टात असंही म्हटलंय की विधवेला जबरदस्तीने लग्न करायला लावायचं नाही. असं लिहून काढावं लागलं, यावरून आधी काय चालत असेल ते ओळखा.

पोटचं पोर, राजाची मालमत्ता

किटसनने हेंग्रेव्ह आणि सफकमधली आपली मालमत्ता मार्गारेटच्या नावे केली होती. व्यापाऱ्याचा हिशेबीपणा म्हणा, पण त्यामुळे तिचा पाया पक्का झाला. आणि त्याच्या मरणानंतर तिला झाला तो मुलगा. नाव वडिलांचंच, थॉमस. तो नसता तर चार बहिणींत वाटणी झाली असती; तो आला आणि घराण्याला वारस मिळाला.

पण वारस तान्हा असणं हीसुद्धा एक आपत्ती होती. थेट राजाकडून लष्करी चाकरीच्या अटीवर जमीन धारण केलेली असेल आणि मालक अज्ञान वारस मागे ठेवून गेला, तर ते मूल राजाचं 'वॉर्ड' होई. राजा ही पालकी चक्क विकायचा. विकत घेणाऱ्याला मूल सज्ञान होईपर्यंत जमिनीचं उत्पन्न मिळे, आणि मुलाचं लग्न कुणाशी लावायचं हे सुचवण्याचा हक्कही. लग्नाचा म्हणजे हुंड्याचा, म्हणजे पुन्हा पैशाचा. कित्येक आयांना पोटच्या पोराची पालकी परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून पदरचे पैसे मोजावे लागले. या कारभारासाठी खास कोर्ट स्थापन झालं ते १५४० सालीच. मृत्युपत्राने जमीन देण्याची मोकळीक देणारा कायदाही त्याच वर्षीचा. म्हणजे मार्गारेट विधवा झाली तेव्हा वारशाच्या खेळाचे नियम नुकते बदललेले होते आणि सगळेच ते शिकत होते.

अशा वेळी दरबारात आपला माणूस हवा. मार्गारेटचा दुसरा नवरा सर रिचर्ड लाँग हा आठव्या हेन्रीच्या खासगी दालनातला माणूस, म्हणजे राजा कपडे चढवत असताना ज्याला आत प्रवेश असे त्या मोजक्या मंडळींपैकी. पदवी, जमीन, पालकी, माफी, सगळ्याचा रस्ता त्या दालनातून जायचा. तिने त्याच्याशी लग्न का केलं याचं तिच्या शब्दांतलं उत्तर आपल्यापुढे नाही, पण तान्ह्या वारसाच्या आईने राजाच्या उंबऱ्याच्या आतला माणूस निवडावा यात मला तरी काही गूढ वाटत नाही. त्यांना एक मुलगा आणि तीन मुली झाल्या. मुलाचं नाव हेन्री. लाँग १५४६ मध्ये वारला. पुढच्याच जानेवारीत राजाही गेला.

मार्गारेट पुन्हा 'मोकळी', आता नऊ मुलांची आई.

११ डिसेंबर १५४८

तिसरं लग्न हा या गोष्टीचा गाभा. बाथचा दुसरा अर्ल जॉन बूर्शियर हाही विधुर, त्याचं मूळ घर नैर्ऋत्येला डेव्हनमध्ये टॉस्टॉक इथे. घराणं खानदानी. मार्गारेटकडे खानदान नव्हतं, हेंग्रेव्ह होतं.

आता विचार करा. अर्लशी लग्न करून ती काउंटेस होणार, ठीक. पण अर्लला आधीच्या लग्नाचा मोठा मुलगा होता, लॉर्ड फिट्सवॉरिन. पदवी त्याला जाणार. मार्गारेटला या लग्नातून मुलगा झाला असता तरी तो धाकटा. म्हणजे तिने आपला पैसा, वाडा, वजन अर्लच्या घरात न्यायचं आणि अर्ल मेला की सून येऊन काउंटेस म्हणून मिरवणार, ही मात्र वाड्याच्या एका कोपऱ्यात.

तिने अट घातली: माझं लग्न व्हायचं तर त्याच वेळी माझ्या मुलीचं, फ्रान्सिसचं, लग्न तुमच्या फिट्सवॉरिनशी लागलं पाहिजे. अर्लने मानलं. ११ डिसेंबर १५४८ रोजी, एकाच दिवशी, आईने बापाशी आणि मुलीने मुलाशी लग्न केलं. येणारी सून तिचीच लेक.

इंग्रजीत ही नाती 'मदर-इन-लॉ', 'आंट' अशा गोण्यांत भरली जातात आणि मजा निघून जाते. मराठीत मांडून बघा. फिट्सवॉरिनला मार्गारेट सासू की सावत्र आई? दोन्ही. फ्रान्सिसला अर्ल सासरा की सावत्र बाप? दोन्ही. आणि मार्गारेटला अर्लपासून पुढे दोन मुली झाल्या; त्या फ्रान्सिसच्या मुलाच्या कोण? आईकडून मावश्या, बापाकडून आत्या. लग्नघरात रुखवतावर कुणी कुणाला काय म्हणून हाक मारायची, हाच प्रश्न पडला असता.

डाव लागला का? फिट्सवॉरिन बापाच्या आधीच वारला, पण तोवर त्याला आणि फ्रान्सिसला विल्यम नावाचा मुलगा झालेला होता. १५६१ च्या फेब्रुवारीत अर्ल गेला तेव्हा हा लहानगा विल्यम बाथचा तिसरा अर्ल झाला. मिठाच्या व्यापाऱ्याचा पणतू, कापडवाल्याचा नातू. मार्गारेटने बारा वर्षांपूर्वी मागून घेतलं होतं ते नेमकं हेच.

ही युक्ती तिच्या एकटीची नव्हती. वीस वर्षांनी बेस ऑफ हार्डविक या चार लग्नांच्या, मार्गारेटपेक्षा किती तरी प्रसिद्ध बाईने श्रूझबरीच्या अर्लशी लग्न ठरवलं, तेव्हा १५६८ च्या फेब्रुवारीत तिचा मुलगा अर्लच्या मुलीशी आणि तिची मुलगी अर्लच्या मुलाशी अशी दोन लग्नं एकत्र लावून घेतली. अर्लची मुलगी तेव्हा जेमतेम आठ वर्षांची होती. कर्तबगार आयांचं कौतुक करताना या मुलींना कुणी विचारलं होतं का, हे विसरायला नको. फ्रान्सिसला विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

नवऱ्याशी करार कसा करायचा?

आता एक कोडं. नवरा-बायको कायद्यात एकच माणूस. माणूस स्वतःशी करार कसा करणार? लग्नाआधी बाईने होणाऱ्या नवऱ्याकडून काही लिहून घेतलं तरी लग्न लागताक्षणी ते विरघळून जायचं, कारण समोरचा पक्षच उरत नसे.

यावर वकिलांनी काढलेली वाट सोपी होती: मध्ये तिसरा माणूस घालायचा. विधवा लग्नाआधी आपली मालमत्ता भावाच्या, जावयाच्या, विश्वासू मित्रांच्या नावे करी. कागदावर मालक ते, पण 'अमुक बाईच्या उपयोगासाठी' अशी अट. नवरा ती मागायला गेला तर मालक दुसरेच. किंवा नवऱ्याकडून या मध्यस्थांच्या नावे जबर रकमेचा रोखा लिहून घ्यायचा: बायकोला मृत्युपत्र करू दिलं नाही, तिचा माल विकला, तर इतके पौंड भरीन. सर्वसाधारण कोर्ट असल्या गोष्टींकडे काणाडोळा करी. त्या ऐकल्या जात चान्सरी नावाच्या कोर्टात, जिथे कायद्याच्या अक्षरापेक्षा सचोटी बघितली जाई. 'ट्रस्ट' नावाची जी कल्पना आज जगभर चालते, तिच्या वाढीला या बायकांच्या सावधपणाचाही हातभार आहे.

हे फार लांबचं वाटतं का? घरी विमा एजंट आला की कधीतरी 'एमडब्ल्यूपी खाली पॉलिसी घ्या' म्हणतो. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा तो. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे नवऱ्याने बायको-मुलांसाठी अशी पॉलिसी काढली की तो पैसा त्यांच्यासाठी ट्रस्ट म्हणून राहतो, आणि नवऱ्याच्या धंद्यातले घेणेकरी त्याला सहसा हात लावू शकत नाहीत. पैसा बाईसाठी, पण नवऱ्याच्या आवाक्याबाहेर, मध्ये ट्रस्ट. नाशिकच्या किंवा सांगलीच्या दुकानदाराने फॉर्मवर जिथे टिक केलेली असते, त्या चौकोनामागे ही चार-पाचशे वर्षांची धडपड आहे.

अर्थात हे सगळं पैसेवालीचं. मिल्क स्ट्रीटच्या मागच्या बोळात एखाद्या हमालाची विधवा असेल, तिला तिसरा हिस्सा कशाचा? नवऱ्याच्या कर्जाचा. तिने दुसरं लग्न केलं तर पोटासाठी, आणि नाही केलं तर लोकांच्या घरी कपडे धुऊन. वकील तिच्या दारी आला नसता.

श्रीमंत विधवांची लग्नं सगळीच अर्लपर्यंत पोचली असंही नाही. मिल्क स्ट्रीटवरच जन्मलेल्या, 'युटोपिया' लिहिणाऱ्या थॉमस मोरची पहिली बायको १५११ मध्ये वारली; पुढे काही आठवड्यांतच त्याने ॲलिस मिडलटनशी लग्न केलं. ती एका मर्सरची विधवा, त्याच्याहून वयाने मोठी, तोंडाने फटकळ. चार लहान मुलांच्या बापाला घर चालवणारी हवी होती, आणि घर कसं चालवतात हे व्यापाऱ्याच्या विधवेला पुरतं ठाऊक होतं.

हेंग्रेव्हची मालकीण

मार्गारेटच्या तिसऱ्या संसारातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. अर्लचं मूळ घर डेव्हनमध्ये, पण तो राहायला आला हेंग्रेव्हला. आपल्याकडच्या भाषेत, घरजावई. व्यापाऱ्याने बांधलेल्या वाड्यात, व्यापाऱ्याच्या विधवेबरोबर.

त्यामुळेच १५५३ च्या जुलैमध्ये अर्ल नेमक्या ठिकाणी सापडला. राजा सहावा एडवर्ड वारला, लंडनमध्ये १० जुलैला त्याच्या नात्यातल्या लेडी जेन ग्रेच्या नावाने राणी म्हणून द्वाही फिरली, आणि त्याची सावत्र बहीण, राजकन्या मेरी, पूर्वेकडे, शेजारच्या नॉरफकमध्ये, आपल्या माणसांची वाट बघत बसली होती. मेरीच्या बाजूने उघडपणे उभं राहणाऱ्या पहिल्या सरदारांत बाथचा अर्ल होता. तेव्हा ती जिंकेल असं छातीठोकपणे कुणी म्हटलं नसतं. हरली असती तर बकिंगहॅमच्या ड्यूकचं झालं तेच अर्लचं झालं असतं. नऊ दिवसांत पारडं फिरलं आणि मेरी राणी झाली. हेंग्रेव्हच्या जेवणाच्या टेबलावर त्या आठवड्यात काय बोलणं झालं असेल याची कल्पना करायला आवडतं.

२० डिसेंबर १५६१ ला मार्गारेट गेली, अर्लच्या मागून दहा महिन्यांनी. बाप न पाहिलेला तिचा थॉमस तेव्हा २१ वर्षांचा, नुकता सज्ञान झालेला. तान्हेपणी त्याच्या नावावर जी टांगती तलवार होती, तिच्यातून हेंग्रेव्ह सहीसलामत त्याच्या हाती आलं. १५७८ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीचा मुक्काम त्याच वाड्यावर पडला.

मुलींपैकी कॅथरीन ऑल्थॉर्पच्या जॉन स्पेन्सरला दिली होती. मेंढ्यांच्या कळपांवर श्रीमंत झालेलं ते घराणं. त्यांच्या वंशात पुढे चारशे वर्षांनी जन्मलेल्या एका मुलीच्या लग्नाची छायाचित्रं १९८१ मध्ये आपल्याकडच्या सलूनमध्येही लागली होती: डायना स्पेन्सर.

पण आईचा गुण उचलला असेल तर डोरोथीने. तिचं लग्न झालं सर थॉमस पॅकिंग्टनशी, एल्सबरी गाव त्याच्या जहागिरीतलं. १५७१ मध्ये तो वारला आणि डोरोथी 'फेम सोल' झाली. पुढच्याच वर्षी संसदेची निवडणूक लागली. एल्सबरीतून दोन प्रतिनिधी पाठवायचे होते. जहागीर आता तिच्या हातात, तेव्हा नावंही तीच देणार. ४ मे १५७२ रोजी तिने कागद करून दिला. त्यात तिने स्वतःला एल्सबरी गावाची 'लॉर्ड आणि मालक' म्हटलं, लेडी नव्हे. थॉमस लिचफील्ड आणि जॉर्ज बर्डन या आपल्या विश्वासू माणसांना 'माझ्या गावाचे माझे प्रतिनिधी' म्हणून नेमत असल्याचं लिहिलं. आणि शेवटी जोडलं की वेस्टमिन्स्टरला ८ मे पासून भरणाऱ्या संसदेत हे दोघे जे काही करतील ते मी स्वतः केल्याप्रमाणे मला मान्य आहे, जणू मी तिथे हजर होते, किंवा हजर राहू शकले असते.